महाकाली दरवाज्याचा निर्माता : फत्तेउल्ला इमादउल्मुल्क

अकोट शहरांतून उत्तरेकडे पाहिलें असतां सातपुड्याची निळसर रांग दृष्टीस पडते. त्या रांगेंत, समुद्रसपाटीपासून ३००० फुटांहून अधिक उंचीवर, नरनाळ्याचा किल्ला आहे. सहलीस जाऊन आलेले आमचे विद्यार्थी तेथील नवगज तोफेच्या व पाण्याच्या टाक्यांच्या गोष्टी मोठ्या उत्साहानें सांगतात. परंतु ज्या महाकाली दरवाज्यांतून आपण किल्ल्यांत गेलों तो कोणी बांधविला, असें विचारल्यास बहुतेक निरुत्तर होतात. म्हणून त्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फत्तेउल्लाचा जन्म विजयनगरच्या राज्यांत एका ब्राह्मण कुटुंबांत झाला. त्या काळीं विजयनगर व बहामनी या दोन राज्यांत वारंवार युद्धें होत. अशाच एका युद्धांत हा मुलगा बहामनी सैन्याच्या हातीं लागला. आईबाप, घर, देश व धर्म यांस तो लहानपणींच अंतरला. त्याला वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरीं ठेवण्यांत आलें, व तेथें तो मुसलमान म्हणून वाढला. अशा मुलाचें मन सूडानें करपून गेलें असतें, तरी त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु फत्तेउल्लानें दुसरा मार्ग धरिला. आपल्या धन्याचें काम तो निष्ठेनें शिकला, आणि ज्या वऱ्हाडांत तो बंदी म्हणून आला त्यालाच त्यानें आपला देश मानिलें.

खानजहानच्या मृत्यूनंतर तो बेदरच्या दरबारीं गेला. तेथें महमूद गवान या थोर वजिरानें त्याचे गुण ओळखिले. त्याला इमादउल्मुल्क, म्हणजे राज्याचा आधारस्तंभ, हा किताब मिळाला, व सन १४७१ मध्यें तो वऱ्हाडचा सुभेदार झाला. पुढें गवाननें राज्याच्या बंदोबस्तासाठीं मोठमोठ्या सुभ्यांचे दोन दोन भाग केले. त्यांत वऱ्हाडचेही गाविल व माहूर असे दोन विभाग होऊन फत्तेउल्लाकडे केवळ गाविल राहिला. तरीही १४८१ मध्यें सुलतानानें एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून गवानचा वध करविला, तेव्हां फत्तेउल्लानें सुलतानाजवळ जाण्याचें नाकारून आपला तळ दूर ठेविला. ज्यानें आपला अधिकार कमी केला त्याच्यावरील अन्यायाचाही निषेध करणें, हें थोड्यांनाच साधतें.

यानंतर पांच-सहा वर्षांनीं, म्हणजे १४८६-८७ च्या सुमारास, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा तयार झाला. सातपुड्याच्या काळ्या कातळावर हें पांढऱ्या वालुकाश्माचें काम एकदम डोळ्यांत भरतें. कमानीभोंवतीं कोरलेलीं कमळें, वर अरबी अक्षरांच्या सुंदर ओळी, आणि दोन्ही बाजूंस पुढें आलेले सज्जे अशी त्याची रचना आहे. सज्ज्यांच्या दगडी जाळ्यांत नक्षीचे नानाविध प्रकार आढळतात. कमळ व अरबी अक्षर हीं एकाच दगडावर अशीं शेजारीं नांदतात कीं, एकास काढून दुसरें ठेवावें असें पाहणाऱ्याच्या मनांतही येत नाहीं. १४८८ मध्यें त्यानें गाविलगडाचीही दुरुस्ती केली. तेथील दिल्ली दरवाज्यावर चोंचींत व पंजांत हत्ती धरलेला दोन तोंडांचा पक्षी कोरलेला आहे. विजयनगरचें चिन्ह असलेला तो गंडभेरुंडच होय, असें कित्येक इतिहासकार मानितात. तसें असेल, तर लहानपणीं तुटलेलें जन्मभूमीचें नातें त्यानें दगडांत जपून ठेविलें, असेंच म्हणावें लागेल.

याच वेळीं जगांत इतरत्रही थोर वास्तू उभ्या राहत होत्या. मॉस्को येथील क्रेमलिनचे तट व बुरूज १४८५ ते १४९५ या काळांत इटालियन कारागिरांच्या देखरेखीखालीं बांधले गेले. केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिराचें काम १४४६ मध्यें सुरू झालें होतें. तें १५१५ पर्यंत चाललें. त्या इमारती पाहण्यास आज देशोदेशींचे लोक जातात. त्यांचा समकालीन दरवाजा आपणांपासून सुमारें २० किलोमीटरांवर आहे, याचें आम्हांस स्मरण असावें.

दरवाज्यावरील लेखांत सुलतान महमूदशहा बहामनी याचें नांव आहे. परंतु १४९० मध्यें फत्तेउल्लानें त्याच धन्यापासून स्वतंत्र होऊन वऱ्हाडांत इमादशाहीची स्थापना केली. त्याचें वर्तन स्वामिनिष्ठेस शोभणारें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या वेळीं बेदरचा सुलतान दरबाऱ्यांच्या हातचें बाहुलें झाला होता, हेंही विसरून चालणार नाहीं. एलिचपूर ही नव्या राज्याची राजधानी झाली. १५०४ मध्यें फत्तेउल्ला मरण पावला. त्याचा पणतू बुऱ्हाण याला तुफालखान या प्रधानानें याच नरनाळ्यावर कैदेंत ठेविलें, आणि १५७४ मध्यें अहमदनगरच्या निजामशहानें तें राज्य जिंकून घेतलें. बंदी होऊन आलेल्या मुलानें स्थापिलेलें राज्य त्याचा वंशज बंदींत असतांनाच बुडालें!

राज्य ८४ वर्षें टिकलें. दरवाजा ५०० वर्षांहून अधिक काळ उभा आहे. किल्ला सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे हें खरें, पण पहारेकरी प्रत्येक दगडापाशीं उभा राहूं शकत नाहीं. जुन्या वास्तूंवर खिळ्यानें आपलें नांव कोरण्याची वाईट खोड पुष्कळांस असते. कारागिरानें दिवसचे दिवस खपून घडविलेलें कमळ एका क्षणांत विद्रूप होतें, आणि तें पुन्हां कोणासही पूर्ववत् करितां येत नाहीं. पालकांनीं मुलांस नरनाळ्यास अवश्य न्यावें, आणि ही गोष्ट तेथेंच, त्या कमानीखालीं, त्यांस सांगावी. विद्यार्थ्यांनींही तोफेकडे धांवण्यापूर्वीं घटकाभर थांबून वर पाहावें. ज्याचें बालपण हिरावून घेतलें गेलें, त्यानें आपल्या वऱ्हाडास काय दिलें, हें त्यांस तेथें प्रत्यक्ष दिसेल.