नवाब इफ्तिखार अली खान पतौडी

मोठेपणाची शिडी चढणे कठीण. परंतु तत्त्वासाठी एक पायरी खाली उतरणे त्याहून कठीण. नवाब इफ्तिखार अली खान पतौडी यांचे जीवन आपणांस हेच शिकवते.

१९१० साली जन्मलेल्या नवाबसाहेबांनी ऑक्सफर्डला शिकत असताना, १९३१ मध्ये, केंब्रिजविरुद्ध नाबाद २३८ धावा काढल्या. १९३२ मध्ये सिडनी येथे इंग्लंडतर्फे पहिल्याच कसोटीत त्यांनी १०२ धावा केल्या. परंतु फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याचे कर्णधार जार्डिन यांचे डावपेच त्यांना मान्य नव्हते. त्यासाठीच्या क्षेत्ररचनेत उभे राहण्यास त्यांनी नकार दिला. दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना वगळण्यात आले.

१९४६ मध्ये भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले, तेव्हा उमेदीची वर्षे सरली होती. इंग्लंडमधील तीन कसोटींत मिळून त्यांच्या अवघ्या ५५ धावा झाल्या आणि मालिकाही हातची गेली. ५ जानेवारी १९५२ रोजी पोलो खेळताना, वयाच्या ४१ व्या वर्षी, ते निवर्तले. त्याच दिवशी अकरा वर्षांचे झालेले पुत्र मन्सूर पुढे १९६२ मध्ये भारताचे कर्णधार झाले.

पालकहो, मुलांचे गुण आपण मोजतोच. अयोग्य गोष्टीला ती नकार देऊ शकतात का, हेही पाहू या.