विलोवरचे तुडतुडे ओळखणारा डॉक्टर : आसा फिच

कपाशीच्या पानाखाली तिरके पळणारे तुडतुडे तुम्ही दर हंगामात पाहता. भातावरचे हिरवे तुडतुडे आणि आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडेही तुमच्या ओळखीचे आहेत. यातील प्रत्येक किडीला शास्त्रीय नाव आहे. हे नाव कोण ठेवतो, कसे ठेवतो आणि त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग, हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील डॉ. आसा फिच यांचे चरित्र जरूर वाचावे.

डॉक्टरकी सोडून शेतीकडे

फिच यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८०९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सालेम येथे झाला. वडील डॉक्टर होते. ट्रॉय येथील रेन्सेलर शाळेत त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि १८२९ मध्ये वैद्यकीची पदवी मिळवली. काही वर्षे व्यवसायही केला, पण मन रमले नाही. १८३८ च्या सुमारास ते सालेमला परतले आणि शेती व किडींचा अभ्यास यांत गुंतले. गावकरी त्यांना किडे पकडणारा डॉक्टर म्हणूनच ओळखत.

त्या काळात त्या भागातील गहू उत्पादक हवालदिल झाले होते. युरोपातून आलेल्या मिज माशीच्या अळ्या ओंबीतील कोवळे दाणे फस्त करीत होत्या. फिच यांनी १८४५ मध्ये या माशीवर आणि १८४६ मध्ये गव्हावरील हेशियन माशीवर सविस्तर लेख लिहिले. कीड अंडी कुठे घालते, अळी काय खाते, कोष कुठे असतो, हे शेतात पाहून त्यांनी मांडले.

विलोवरचे तुडतुडे

पुढे राज्याच्या निसर्गसंग्रहालयासाठी त्यांनी कीटक गोळा केले आणि १८५१ मध्ये तुडतुडे, मावा व त्यांच्या जवळच्या रसशोषक कीटकांची वर्णनासह यादी प्रसिद्ध केली. त्यात अनेक जाती शास्त्राला नव्या होत्या. विलोच्या झाडावर राहणारे इडिओसेरस अल्टरनॅटस आणि इडिओसेरस पॅलिडस हे दोन तुडतुडे त्यांपैकीच. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्या-नदीकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या प्रजातीतलेच झाड.

काही मिलिमीटर लांबीचा तुडतुडा नवा आहे हे ठरवायचे कसे? आधी कूळ पाहावे लागते. मागच्या पायाच्या नडगीवर काट्यांच्या रांगा असतील तर तो तुडतुडा. मग डोक्याचा आकार, साध्या डोळ्यांची जागा, पंखांच्या शिरा आणि रंगखुणा पाहायच्या. इडिओसेरस गटात डोके रुंद व आखूड असते आणि साधे डोळे चेहऱ्याच्या बाजूला असतात. यानंतर आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी तुलना करायची. कशाशीच जुळला नाही, तरच नवे नाव द्यायचे. फिच यांच्या काळात भर बाह्य खुणांवर होता. आज नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय अशी जात नक्की करत नाहीत, कारण नर-मादीचा रंग वेगळा असू शकतो आणि दोन वेगळ्या जाती वरून सारख्या दिसू शकतात. यजमान झाडाची नोंद मात्र तेव्हाही मोलाची होती आणि आजही आहे.

एका नावाने काय साधले

१८५४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने किडींच्या अभ्यासासाठी १,००० डॉलरची तरतूद केली आणि हे काम फिच यांच्याकडे आले. अमेरिकेत राज्याच्या खर्चाने नेमलेले ते पहिले कीटकशास्त्रज्ञ. शेतकऱ्यांना वाचता येतील असे १४ अहवाल त्यांनी लिहिले. मिज माशीचे नैसर्गिक शत्रू युरोपात आहेत, ते आणावेत, हा विचारही त्यांनी मांडला आणि त्यासाठी इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांना पत्र लिहिले. तो प्रयत्न तडीस गेला नाही, पण परोपजीवी कीटक परदेशातून आणण्याची वाट पुढे याच विचाराने मोकळी झाली.

याच काळात द्राक्षाच्या पानांवरील गाठींत त्यांना एक बारीक कीटक आढळला. १८५५ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन केले आणि व्हिटिफोलिए हे जातीनाम दिले. अमेरिकेतील वेलींना त्याचा फारसा त्रास नव्हता, त्यामुळे कोणी विशेष दखल घेतली नाही.

मग फ्रान्समध्ये द्राक्षबागा वाळू लागल्या. कोणी हवेला दोष दिला, कोणी जमिनीला. १८६८ मध्ये प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर पिवळसर बारीक कीटक सापडले. तरीही कीड हे कारण की परिणाम, यावर वाद चालूच राहिला. मुळांवरचा हा कीटक आणि फिच यांनी पानांवर पाहिलेला कीटक एकच आहे, हे मिसूरीचे कीटकशास्त्रज्ञ रायली आणि प्लांशों यांच्या कामातून पुढे पक्के झाले. कीड अमेरिकेतून आली हे कळले, तसा उपायही तिथेच शोधता आला : कीड सोसणाऱ्या अमेरिकी खुंटावर युरोपी द्राक्षाचे कलम. तोवर लाखो हेक्टर बागा गेल्या होत्या, पण द्राक्षशेती वाचली. फिच यांनी किडीला ज्या प्रजातीत टाकले होते ती नंतर बदलली, जातीनाम मात्र आजही त्यांचेच आहे. फिच यांचे निधन ८ एप्रिल १८७९ रोजी झाले.

आपल्यासाठी

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदार डॉगरिज खुंट वापरतात तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. पण तोही अमेरिकी रानद्राक्षाचाच वंश. आंब्यावरच्या तुडतुड्यांचे नातेही फिच यांच्या विलोवरील तुडतुड्यांशी आहे. १८८९ मध्ये लेथिएरी यांनी त्यांचे वर्णन केले तेव्हा त्यांना इडिओसेरस याच प्रजातीत ठेवले होते.

म्हणून ओळखीची नसलेली कीड दिसली तर आधी फवारणीचा पंप उचलू नका. पुढील गोष्टी करा :

• प्रौढ आणि पिल्ले दोन्ही गोळा करून लहान बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवा. शक्य तितके जास्त नमुने घ्या, म्हणजे त्यात नर येतील.
• चिठ्ठीवर पेन्सिलीने पीक, वाण, गाव आणि तारीख लिहून ती बाटलीत टाका.
• कीड पानाखाली, मोहोरावर, खोडावर की मुळावर होती ते लिहा. बांधावरच्या इतर झाडांवरही ती आहे का ते पाहा.
• नमुना कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे द्या.

विस्तार कार्यकर्त्यांनी नोंदवही नियमित ठेवावी. आज निरुपद्रवी वाटणाऱ्या किडीची नीट लिहिलेली नोंद दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या कोणाची बाग वाचवू शकते.