चे चीवॉन : परीक्षा जिंकली, जन्म आडवा आला

कोरियाच्या सिल्ला राज्यात माणसाची पायरी जन्मावर ठरत असे. चे चीवॉन (जन्म ८५७) सहाव्या श्रेणीतले. सर्वोच्च पदे राजकुळालाच राखीव. ८६८ मध्ये, बाराव्या वर्षी, वडिलांनी त्यांना शिकायला चीनला धाडले. दहा वर्षांत परीक्षा उत्तीर्ण झाला नाहीस तर मुलगा मानणार नाही, अशी ताकीद दिली. परकी चिनी भाषा आत्मसात करून त्यांनी ८७४ मध्येच तांग साम्राज्याची परीक्षा जिंकली. तिथे अधिकारीही झाले. ८८५ मध्ये मायदेशी परतले. ८९४ मध्ये राणीला दहा कलमी सुधारणा सादर केल्या. त्या अमलात आल्या नाहीत. अखेर ते हेइन्सा या बौद्ध विहाराकडे वळले. जिद्द होती, विद्या होती. व्यवस्थेनेच दार लावून घेतले, तर उणीव विद्यार्थ्यात कशी शोधायची?