घाटातली विहीर आणि अहिल्याबाई

इगतपुरीहून मुंबईकडे निघाले की कसारा घाटात जुन्या वाटेवर एक दगडी घुमट लागतो. नवखा माणूस त्याला समाधीच समजतो. पण ती विहीर आहे. घुमटाला झरोके आहेत, खाली पाणी. पालापाचोळा पाण्यात पडत नाही, ऊनही थेट लागत नाही. ही विहीर अहिल्याबाई होळकरांनी बांधली, असे आमच्याकडे सारे सांगतात.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांच्या त्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे गेले आणि १७६७ मध्ये एकुलता मुलगा मालेरावही गेला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वराहून राज्य चालविले; फौज तुकोजीरावांकडे होती. एवढे शालेय पुस्तकात येते, काशी-सोमनाथच्या देवळांची यादीही येते. विहिरींना मात्र त्यात एखादीच ओळ मिळते, याचे मला नवल वाटते.

होळकरांच्या घरात दौलतीचा खजिना निराळा आणि खासगीची मिळकत निराळी. घाट, धर्मशाळा, विहिरी, बारवा यांचा खर्च बाईंनी खासगीतून केला, तोही आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर दूरदूरपर्यंत. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. दोर-पोहरा जवळ नसलेला वाटसरूही तिच्यात उतरून ओंजळीने पाणी पिऊ शकतो. वाटेवर लुटालूट होई, तेथे बाईंनी भिल्लांना प्रवाशांकडून भिलकवडी नावाचा लहानसा कर घेण्याचा हक्क दिला आणि त्याबदली वाटेची राखण त्यांच्यावर सोपविली. रस्ता म्हटला की पाणी हवे आणि निर्भयता हवी, हे त्यांनी ओळखले होते.

पण एवढ्या पावसाच्या घाटात विहीर कशाला? इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जमीन काळ्या पाषाणाची, उतार उभा; पाणी मुरत नाही, धावत सुटते. दारणेचे धरण १९१६ साली झाले, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, आणि आमच्या पाड्यावर चैत्र-वैशाखात झरा आटला की बायका हंडे घेऊन पहाटेच निघतात. कॉलेजसाठी इगतपुरीला येईपर्यंत मीही त्यांच्यात होते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला अहिल्याबाई वारल्या. पुढे १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, वाटसरू गाडीत बसले. आता पायी दिसतात ते बहुधा शिर्डीला जाणारे.

सुट्टीत हा लेख मी आईला वाचून दाखविला. ती शाळेत गेलेली नाही. राज्यकारभाराचे सारे तिने मुकाट्याने ऐकले. बारवेचे आले तेव्हा मात्र तिने मला थांबविले आणि पायऱ्या किती, भरला हंडा घेऊन चढताना मध्ये टेकायला जागा असते का, असे विचारले. मला सांगता आले नाही.