पवळाला कुणी विचारलं होतं?

तुमच्या कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये लावणी असतेच. नऊवारी भाड्याने येते, रिहर्सलचे व्हिडिओ ग्रुपवर पडतात आणि घरचे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. आता ज्या बाईने तमाशाच्या बोर्डावर पहिलं पाऊल टाकलं, तिची गोष्ट ऐका. तिचं नाव पवळा.

संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावात, महार कुटुंबात, १२ ऑगस्ट १८७० ला ती जन्मली. घरच्यांनी तिला खंडोबाला वाहिलं. म्हणजे ती मुरळी झाली. लग्न देवाशी लागलं, आता जन्मभर जागरणात गायचं-नाचायचं. तिला हवंय का, हे कुणी विचारलं नाही.

त्या काळी तमाशात बाई नसायची. साडी नेसून मुलगाच नाचायचा, त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. पवळा फडात उभी राहिली आणि चित्र पालटलं. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून आज तिचं नाव घेतात.

तिला साथ मिळाली पठ्ठे बापूरावांची. मूळचे श्रीधर कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. घरदार, मानमरातब सोडून ते फडात आले होते. त्यांची लावणी आणि पवळाचा गळा, अशी ही जोडी तुफान गाजली. मुंबईत तमाशावर जीव टाकणारा प्रेक्षक होता गिरणी कामगार. पाळी संपली की खेळाला पळणारा. नायगाव, परळ, लालबागच्या चाळींत तुमच्यापैकी काहींचे पणजोबा त्याच गर्दीतले असतील.

आता १९२७ मध्ये या. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रहाची तयारी करत होते आणि पैशांची चणचण होती. बापूरावांनी मुंबईतल्या काही खेळांचं उत्पन्न द्यायची तयारी दाखवली. बाबासाहेबांनी ते नाकारलं. महार बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. ज्या रूढी समाजाच्या मुलींना देवाला वाहत आणि फडावर उभं करत, त्यांच्याच कमाईवर माणुसकीचा लढा कसा उभा करायचा?

नकार बापूरावांना होता. पण त्या हिशेबात पवळासारख्या बायकांचं आयुष्यही होतं. महाडचं तळं त्यांनाही बंद होतंच. पांढरपेशा समाज त्यांना घरात घेत नव्हता आणि चळवळीला त्यांची कमाई नको होती. बाबासाहेब चुकले, असं मी म्हणणार नाही. नकाराचा रोख त्यांना नाचवणाऱ्या व्यवस्थेवर होता. तरी त्या बायकांचा घाम खोटा होता का, हा प्रश्न उरतोच. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवून बघा. जड जाईल, पण ठेवा.

पवळा आणि बापूरावांची साथ शेवटपर्यंत टिकली नाही. ६ डिसेंबर १९३९ ला पवळा गेली. १९४५ मध्ये बापूराव गेले, तेही विपन्नावस्थेत.

६ डिसेंबर ही तारीख तुम्हाला पाठ आहे. १९५६ मध्ये याच दिवशी बाबासाहेब गेले. दरवर्षी त्या दिवशी दादरच्या चैत्यभूमीकडे जाणारी रांग नायगावच्या पोरांना नवी नाही. यंदा त्या रांगेत उभे राहाल तेव्हा पवळाचीही आठवण काढा. आणि पुढच्या फेस्टिव्हलला पायात चाळ बांधताना एवढंच ध्यानात असू द्या, की तुम्ही ते स्वतःच्या मर्जीने बांधताय. तिला ती मुभा नव्हती.