विल्यम क्लेटन : व्यापारी व मुत्सद्दी

मुत्सद्दी म्हटला कीं युद्धें, तह व सरहद्दी यांचेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु धान्य, कोळसा व जकात यांवरही राष्ट्रांचें सुखदुःख अवलंबून असतें. हें ज्यांनीं ओळखलें, त्या विल्यम लॉकहार्ट क्लेटन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

क्लेटन यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८८० रोजीं अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत टुपेलो गांवाजवळ झाला. लहानपणींच त्यांचें शाळेचें शिक्षण संपलें. तथापि लघुलेखनाची विद्या हस्तगत करून तिच्या बळावर ते कापसाच्या धंद्यांत शिरले. १९०४ सालीं बहिणीचे यजमान फ्रँक अँडरसन व त्यांचे बंधु मन्रो यांच्यासह त्यांनीं ओक्लाहोमा सिटी येथें स्वतःची पेढी काढली. पुढें ती कापसाच्या व्यापारांत जगांतील सर्वांत मोठी गणली जाऊं लागली.

दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं सरकारी सेवा पत्करली व १९४६ सालीं ते परराष्ट्रखात्यांत आर्थिक व्यवहारांचे उपसचिव झाले. १९४७ सालीं ते युरोपांत गेले, तेव्हां शहरांतील लोक अर्धपोटीं होते. धान्याच्या मोबदल्यांत शेतकऱ्यास घेण्याजोगा माल शहरांत नव्हता, म्हणून धान्यही बाजारांत येईना. परत येतांच २७ मे रोजीं क्लेटन यांनीं ही दैना टिपणांत मांडली. ५ जून रोजीं परराष्ट्रमंत्री मार्शल यांनीं मदतीची योजना सुचविली, तिला या टिपणाचा मोठा आधार होता. १९४८ पासून चार वर्षांत सुमारे १,३०० कोटी डॉलरांचें साह्य युरोपास मिळालें.

त्याच सुमारास जिनीव्हा येथें जकाती कमी करण्याची बोलणीं चालू असतां, अमेरिकेच्या विधिमंडळानें परदेशी लोंकरीवरील कर वाढविण्याचें विधेयक मंजूर केलें. ऑस्ट्रेलियाचा मुख्य माल लोंकर. बोलणीं मोडण्याच्या बेतास आलीं. स्वदेशांतील मेंढपाळांचा रोष पत्करून क्लेटन यांनीं अध्यक्ष ट्रूमन यांची भेट घेतली आणि २६ जून रोजीं तें विधेयक नामंजूर झालें. ३० ऑक्टोबर रोजीं २३ देशांनीं करारावर सह्या केल्या; त्यांत हिंदुस्थानही होता.

मुक्त व्यापारांत त्यांच्या पेढीचाही लाभ होता, असा आक्षेप त्यांजवर घेतला जाई. तो अगदींच निराधार नव्हता. परंतु ज्या अधिकारावर ते होते, तो त्यांनीं त्याच महिन्यांत पत्नीच्या इच्छेस मान देऊन सोडला. ८ फेब्रुवारी १९६६ रोजीं ते निधन पावले.

शेजारी उपाशी असतां आपलाही व्यापार चालत नाहीं, ही गोष्ट त्यांनीं एका बलाढ्य राष्ट्रास पटविली. हिशेबाच्या वहींतील आंकड्यांमागें माणसांचें दुःख असतें, तें वाचण्यास आमच्या विद्यार्थ्यांनीं शिकावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.