कोनराड त्सुझे

कोनराड एर्न्स्ट ओटो त्सुझे (जन्म : बर्लिन, २२ जून १९१०, मृत्यू : ह्युनफेल्ड, १८ डिसेंबर १९९५) हे जर्मन अभियंते, संगणक-संशोधक आणि उद्योजक होते. आज्ञावलीनुसार चालणारा जगातील पहिला कार्यक्षम संगणक 'झेड ३' त्यांनी १९४१ मध्ये तयार केला. कारखान्यातील मोजमापे थेट स्वीकारणारे गणकयंत्र आणि 'प्लानकाल्क्यूल' ही उच्चस्तरीय आज्ञावली भाषा ही त्यांची आणखी दोन महत्त्वाची कामे होत. औद्योगिक नियंत्रणात या दोन कल्पना पुढे एकत्र आल्या. त्सुझे यांच्या स्वतःच्या कामात मात्र त्या वेगळ्याच राहिल्या.

== शिक्षण आणि पहिली यंत्रे ==
त्सुझे यांचे वडील टपाल खात्यात नोकरीला होते. बालपण पूर्व प्रशियातील ब्राउन्सबर्ग येथे आणि नंतर होयर्सवेर्डा येथे गेले. बर्लिनच्या तंत्रविद्यालयातून त्यांनी १९३५ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. बांधकामाच्या आकडेमोडीत तीच ती समीकरणे पुन्हा पुन्हा सोडवावी लागत. हे कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपवावे, या विचारातून त्यांच्या संशोधनाला सुरुवात झाली. हेन्शेल विमान कारखान्यातील नोकरी सोडून त्यांनी आईवडिलांच्या घरातच 'झेड १' हे यांत्रिक गणकयंत्र उभारले. ते १९३८ मध्ये पूर्ण झाले. द्विमान पद्धतीने चालणाऱ्या या यंत्राला आज्ञा छिद्रे पाडलेल्या फिल्मवरून मिळत. परंतु त्याचे पत्र्याचे भाग वारंवार अडकत.

पुढील यंत्रांत त्सुझे यांनी दूरध्वनी केंद्रांत वापरले जाणारे रिले वापरले. मित्र हेल्मूट श्रायर यांची त्यांना मदत झाली. १२ मे १९४१ रोजी 'झेड ३' चे प्रात्यक्षिक झाले. मूळ यंत्र १९४३ मध्ये बर्लिनवरील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले.

== कारखान्यातील गणकयंत्रे ==
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेन्शेल कारखान्यात दूरनियंत्रित उडते बॉम्ब तयार होत. त्यांचे पंख तंतोतंत मापाचे बनत नसत. म्हणून प्रत्येक पंखाची मापे घेऊन त्यातील फरकानुसार दुरुस्ती काढावी लागे. या आकडेमोडीसाठी त्सुझे यांनी 'एस १' हे विशेष यंत्र बनवले. कामगार डायल गेजवरील आकडे वाचून ते यंत्रात भरत.

यानंतरच्या 'एस २' यंत्रात हा मानवी दुवा काढून टाकण्यात आला. सुमारे शंभर डायल गेजवरील मापे ते स्वतः वाचून त्यांचे अंकांत रूपांतर करी आणि गणितात वापरी. त्यामुळे त्याला औद्योगिक प्रक्रियेशी जोडलेल्या संगणकाचा पूर्वज मानले जाते. मात्र ही यंत्रे एकाच कामापुरती होती. 'एस १' मध्ये गणिताचा क्रम जोडणीतच पक्का केलेला होता. काम बदलायचे तर जोडणी बदलावी लागे. शिवाय ही प्रगती शस्त्रनिर्मितीसाठी झाली होती, हे त्सुझे यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दुर्लक्षिता येत नाही.

== प्लानकाल्क्यूल ==
१९४५ च्या प्रारंभी त्सुझे 'झेड ४' यंत्र घेऊन बर्लिनमधून बाहेर पडले आणि अखेर आल्प्सच्या पायथ्याशी हिंटरश्टाइन या गावी पोहोचले. यंत्रबांधणीचे काम थांबले असताना त्यांनी युद्धकाळात सुरू केलेली प्लानकाल्क्यूल ही भाषा पूर्ण केली. तिच्यात मूल्य देणे, अट घालणे, आवर्तन करणे आणि माहितीची संयुक्त रचना मांडणे यांची सोय होती. विशिष्ट यंत्राची जोडणी लक्षात न घेता कार्यपद्धती लिहिता यावी, हा तिचा उद्देश होता. बुद्धिबळाच्या नियमांसाठीही त्यांनी तिच्यात आज्ञावल्या लिहून पाहिल्या.

ही भाषा त्या काळी कोणत्याही संगणकावर चालवली गेली नाही. तिचे संपूर्ण विवेचन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर फोर्ट्रान आणि अल्गोल या भाषा रूढ झाल्या होत्या.

== उत्तरायुष्य ==
'झेड ४' हा संगणक १९५० मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठाला भाड्याने देण्यात आला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या त्सुझे यांच्या कंपनीने एकूण २५१ संगणक बांधले; परंतु आर्थिक अडचणींमुळे ती १९६० च्या दशकात सीमेन्स कंपनीच्या ताब्यात गेली. 'झेड ३' साठी दीर्घकाळ प्रलंबित असलेला पेटंट अर्ज १९६७ मध्ये अंतिमतः नाकारला गेला. 'झेड १' ची पुनर्बांधणी त्यांनी १९८० च्या दशकात स्वतः केली. ती प्रतिकृती बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे.

== महत्त्व ==
१९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत औद्योगिक प्रक्रियांच्या स्वयंचलनासाठी 'पर्ल' ही उच्चस्तरीय भाषा विकसित झाली. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात कारखान्यांतील नियंत्रकांसाठी पास्कलसारखी रचना असलेली 'स्ट्रक्चर्ड टेक्स्ट' ही भाषा समाविष्ट झाली. या भाषा प्लानकाल्क्यूलपासून थेट निर्माण झालेल्या नाहीत. तरी यंत्राने मोजमाप स्वतः घ्यावे आणि त्यावरील निर्णय जोडणीत न अडकवता माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असावा, या दोन्ही बाजूंचा विचार त्सुझे यांनी अनेक दशके आधी केला होता.